अहो, हलू नका

आमच्या घरी सकाळी सव्वासात ते आठ या वेळात आनंदरावांनी हलायचं नाही, असा नियम आहे. आनंदराव म्हणजे माझे यजमान. दिवाणखान्यातल्या झोपाळ्यावर त्यांनी पेपर घेऊन बसायचं, पाय जमिनीला टेकवून ठेवायचे आणि झोका घ्यायचा नाही. कारण त्या वेळात झोपाळ्याची पितळी सळई एका हाताने धरून मी बॅलेचा सराव करत असते.

हसा, हसून घ्या. अख्खी सोसायटी हसून बसली आहे, तुम्हीच का मागे राहता? मी निरुपमा, वय एकोणसाठ, मुक्काम कारेलीबाग, बडोदं. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. माझ्या वर्गात पेन्सिल पडली तरी पोरं एकमेकांकडे बघायची. आणि आता मी बॅले शिकते.

याला कारण माझी स्कूटर. गेल्या वर्षी फेब्रुवारीत भाजी घेऊन येताना गाय आडवी आली. गाय शांतपणे निघून गेली आणि मी मनगट नि घोटा मोडून रस्त्यावर बसले. हाडं जुळली, प्लॅस्टर निघालं, डॉक्टर म्हणाले, "बेन, आता खुशाल चालवा." खुशाल काय खुशाल! स्कूटरवर बसले, चालू केली, की जमिनीवरचा पाय उचलेचना. पाय माझा, मेंदू माझा, आणि दोघांची बोलचाल बंद. चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा स्कूटर स्टँडला लावून किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. वर्ष होत आलं, किल्ली तिथेच.

तुम्हाला वाटेल, नाही चालवली स्कूटर तर काय बिघडलं? बिघडलं! माझी धाकटी बहीण अस्मिता वासण्याला राहते, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला. दर गुरुवारी दुपारी मी स्कूटर काढून तिच्याकडे जायची आणि आम्ही दोघी चार वाजेपर्यंत पोटभर बोलायचो. काय बोलायचो ते सांगणार नाही, कारण बरंचसं आनंदरावांबद्दल असायचं. अपघातानंतर तेच मला मागे बसवून न्यायला लागले. ताशी वीसच्या वेगाने. इंडिकेटर आमच्या फाटकापासून जो चालू होतो तो अस्मिताच्या फाटकाशीच बंद होतो. आणि पोचल्यावर परत जायचं तर नाहीच, आम्हा दोघींच्या मधोमध सोफ्यावर बसायचं. "तुम्ही बोला गं, माझं लक्ष नाही," म्हणायचं. आता नवरा समोर बसलेला असताना नवऱ्याबद्दल काय बोलणार, कपाळ! अस्मिता नि मी वर्षभर लोणच्यांवर बोलतोय. मला माझे गुरुवार परत हवे होते, बस.

दिवाळीनंतर फिजिओवाल्या मुलीने सांगितलं, तोल सांभाळायचे व्यायाम करा. आमच्या सोसायटीच्या मागच्या हॉलमध्ये योगाचा वर्ग चालतो असं ऐकलं होतं म्हणून चौकशीला गेले. योगा बंद झाला होता. दारावर कागद लावला होता : मोठ्यांसाठी बॅले, अगदी पहिल्यापासून. आणि आत जो शिकवत होता तो अनिश.

हा अनिश नववीत माझ्या हाताखाली होता. गणितात शंभरपैकी नऊ. बाकावर बसून पाय हलवायचा, बोटांवर उभा राहायचा, मी फळ्याकडे वळले की गिरकी. निम्मा तास तो वर्गाबाहेर व्हरांड्यात असायचा, मीच काढायची. बाहेर काढलं तर तिथेही एका पायावर उभा! मला वाटायचं, मला चिडवायला करतोय. आणखी चिडायची.

मला बघून त्याने वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "अरे, मी फक्त चौकशीला आले होते."

तो हसला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "टीचर, रेहवा दो ने. तुम्हाला नाही जमणार."

मला नाही जमणार? मला? मी तिथल्या तिथे नाव लिहिलं.

वर्गात आम्ही चौदाजणी. त्यात आमच्या शेजारच्या विमलाबेनसुद्धा, कारण मी गेले म्हटल्यावर त्या घरी राहणं शक्यच नव्हतं. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर लाकडी दांडा ठोकलेला असतो. तो धरून सगळं करायचं. त्याला ते लोक बार म्हणतात. दारूबंदीच्या गावात मी हा शब्द घरात काढत नाही, मी दांडाच म्हणते. टाचा जुळवून, चवडे बाहेर वळवून उभं राहायचं, पाठ ताठ ठेवून गुडघे वाकवायचे, तो प्लिए. पाय जमिनीवरून घासत पुढे न्यायचा नि परत आणायचा, तो तांद्यू. आणि एका पायाचं बोट दुसऱ्या पायाच्या गुडघ्याला लावून उभं राहायचं, तो पासे. दांडा धरला की मला सगळं यायचं. खोटं कशाला बोलू, वर्गात माझ्यासारखी ताठ पाठ कोणाची नव्हती. विमलाबेनच्या पायांकडे बघून मी दोनतीनदा "अहो, तो काटकोन आहे का?" असं म्हणालेही होते. शिक्षकाचा स्वभाव, जात नाही.

घरी दांडा नव्हता, म्हणून झोपाळा. नेमका कमरेच्या उंचीवर हात येतो. झोपाळा हलू नये म्हणून त्यावर आनंदराव. "अहो, हलू नका," असं मी दर दोन मिनिटांनी ओरडायचं आणि ते पेपरामागून "हलत नाहीये गं, निरू," म्हणायचे. तीन महिने हे चाललं. माणूस गरीब आहे हो माझा, इंडिकेटर सोडला तर.

मग एके दिवशी अनिशने जाहीर केलं, "आजपासून बार सोडायचा. आता सेंटर. सगळ्या मध्ये या."

आम्ही गेलो. चौदाजणी हॉलच्या मध्ये गेलो आणि क्षणात एक सुरेख गोल करून उभ्या राहिलो, मधली जागा मोकळी सोडून. कोणी कोणाला सांगितलं नाही. बडोद्यातल्या बायका, मध्ये म्हटल्यावर मध्ये कोण उभी राहील? तिथे देवीचा दिवा असतो! संगीत सुरू झालं तेव्हा दोघींनी टाळी दिली आणि सगळा गोल एक पाऊल उजवीकडे सरकलासुद्धा. अनिश कपाळाला हात लावून खालीच बसला.

"अरे भाई, गरबा नाही!" तो म्हणाला. "माझ्याकडे तोंड करून उभ्या राहा. हात पोटासमोर, कलिंगड धरल्यासारखे. नजर समोर एका ठिकाणी. आता उजवं बोट गुडघ्याला. आठ आकडे."

मी पाय उचलला. एक. दोन. आणि हाताला काही लागेना. डावीकडे दांडा नाही, उजवीकडे दांडा नाही, सगळीकडे नुसती मोकळी फरशी. परत तेच झालं जे स्कूटरवर व्हायचं. मी जे हाताला आलं ते धरलं. ती विमलाबेनची ओढणी होती. विमलाबेन माझ्यावर आल्या, त्यांच्यावर पलीकडच्या दोघी. कोणाला लागलं नाही. विमलाबेन फरशीवर बसल्याबसल्या माझ्याकडे बघून गोड आवाजात म्हणाल्या, "निरुपमाबेन, आ काटखूणो छे?"

काटकोनच विचारत होत्या. तीन महिने साठवून ठेवलं होतं बाईंनी!

निघताना अनिशने नियम सांगितला. पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी परीक्षा. दांड्याशिवाय, दोन्ही पायांवर आठ-आठ आकडे. ज्यांना जमेल त्या पुढच्या वर्गात, बाकीच्यांनी नव्या मुलींबरोबर पहिल्यापासून. मी घरी आले, खिळ्यावरच्या किल्लीकडे बघितलं आणि मनाशी ठरवलं : रविवारी आठ आकडे उभी राहिले तर किल्ली काढायची. नाही राहिले तर स्कूटर विकून टाकायची आणि जन्मभर लोणच्यांवर बोलायचं.

असं ठरवलं खरं, पण वर्गाला गेलेच नाही. मंगळवार बुडवला, शुक्रवार बुडवला, पुढचा मंगळवारही. लाज वाटत होती, सांगते ना सरळ. एकतीस वर्षांत मी कोणासमोर पडले नव्हते. घरी मात्र रोज सकाळी झोपाळ्याशी उभी राहत होते, कारण तिथे मला सगळं जमत होतं. एका पायावर तीस-तीस आकडे! मग हॉलमध्ये काय होतं मेलं?

बुधवारी सकाळी अशीच उभी होते. डावा हात सळईवर, उजवं बोट गुडघ्याला, नजर समोरच्या कॅलेंडरवर. "अहो, हलू नका," म्हटलं. आणि मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

दारात अनिश. फाटक उघडंच होतं. मी तीन वर्ग बुडवले म्हणून बघायला आला होता, आणि चपला काढून कधीपासून उभा होता देव जाणे.

"टीचर," तो म्हणाला, "हे काय करताय?"

"दिसत नाही? सराव. इथे जमतं मला. तुझ्या हॉलमध्येच काहीतरी चुकतंय."

तो आत आला. आनंदरावांना म्हणाला, "काका, जरा उठा ने." ते उठले. अनिशने एक बोट सळईला लावलं आणि ढकललं. झोपाळा आरामात पार भिंतीपर्यंत गेला नि परत आला.

"टीचर, हा आधार?"

मी हाताने झोपाळा थांबवला.

"वरून टांगलेली वस्तू," तो म्हणाला. "तुम्ही तिच्यावर भार टाकला असता तर ती तुम्हाला घेऊन गेली असती. तीन महिन्यांत एकदा तरी पडला असतात. तुम्ही भार टाकलाच नाही. तुम्ही नुसता हात ठेवताय. तीन महिने तुम्ही एकट्याच उभ्या आहात."

"पण हे वर बसलेले असतात," मी म्हटलं. "झोपाळा हलत नाही."

आनंदरावांनी घसा खाकरला. "निरू, रागावू नकोस. मी हलतच असतो. चहा प्यायचा, पान उलटायचं, माणूस हलणारच की. तू ओरडलीस की थांबतो, परत हलतो. काल तर चांगला झोका घेतला, तुझं लक्षही नव्हतं."

आता बोला! शाळेत काटकोन आणि लंब मी शिकवले. टांगलेल्या वस्तूवर टेकता येत नाही हे नववीचं पोरगं सांगेल. सांगत होतंच, नऊ मार्कांचं! जी बडोदेकरीण जन्मल्यापासून झोपाळ्यावर बसलेली आहे तिला तो हलतो हे वेगळं सांगावं लागलं. मला इतका राग आला, की मी आधी अनिशवर ओरडले, मग आनंदरावांवर, मग चहा टाकायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहून एकटीच हसत सुटले.

चहा देताना विचारलं, "तू कुठे शिकलास रे हे, दांड्याशिवाय?"

"तुमच्याकडेच," तो म्हणाला. "तुम्ही बाहेर काढायचात ना, तिथे व्हरांड्यात धरायला काहीच नव्हतं. रोज वीस मिनिटं. समोर शाळेची घंटा टांगलेली असायची, तिच्यावर नजर ठेवायचो."

 म्हणजे ते मला चिडवणं नव्हतं तर. त्याच्या बशीत आणखी दोन बाकरवड्या ठेवल्या. माफी मागायची मला सवय नाही, पण त्याने त्या बरोबर ओळखल्या आणि खाल्ल्या.

पण डोक्याला कळलं म्हणून पायाला कळतं का? गुरुवारी सकाळी झोपाळ्यापासून चार पावलं लांब उभी राहून बघितलं. तीन आकड्यांवर पाय खाली. शुक्रवारी चार. वर्गात गेले, तिथे तीन. शनिवारी पाच आकडे झाले आणि रात्री नीट झोप लागली नाही. आनंदराव म्हणाले, "राहू दे गं, मी आहे ना सोडायला." चांगल्या मनाने म्हणाले, पण मला रडू आलं. तेच तर नको होतं ना मला!

रविवारी हॉलमध्ये घरची माणसंही आली होती. भिंतीला प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. एकेक जण मध्ये जात होती. गोल करायला आता संधीच नव्हती. विमलाबेन गेल्या, डावीकडे झुकल्या, उजवीकडे झुकल्या, ओढणी कमरेला खोचून दोन्ही पायांवर आठ आकडे पुरे केले. मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या.

"टीचर," अनिशने हाक मारली.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. टाचा जुळवल्या, कलिंगड धरलं. नजर ठेवायला काहीतरी शोधायला लागले. समोर खिडकी, तिच्यात झाड हलत होतं. पंखा फिरत होता. हॉलमधली प्रत्येक वस्तू त्या दिवशी हलायचं ठरवून आली होती. 

आणि मग खुर्च्यांच्या रांगेत आनंदराव दिसले. मांडीवर पेपर, दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकवलेले, मान ताठ. माझ्याकडेच बघत होते. त्यांचा चेहरा माझ्याइतकाच घाबरलेला होता.

"अहो," मी भर हॉलमध्ये ओरडले, "हलू नका!"

"हलत नाहीये गं, निरू!"

सगळे हसले. त्या हशात मी पाय उचलला. नजर त्यांच्या चष्म्याच्या मधल्या काडीवर. एक, दोन, तीन. हाताला काही नव्हतं. चार. घोटा थरथरला, पडतेय असं वाटलं, पण पोट आत घेतलं. पाच, सहा. आनंदरावांच्या नाकावर माशी बसली. मी बघितली, सगळ्यांनी बघितली. त्या माणसाने हात वर केला नाही, नाक हलवलं नाही. सात, आठ. अनिश म्हणाला, "बस टीचर, थई गयुं!" पण मी मोजतच होते. नऊ, दहा, अकरा. मग पाय खाली ठेवला, आपणहून, आणि दुसरा उचलला. त्याच्यावर तर चौदा!

विमलाबेन धावत येऊन गळ्यात पडल्या. आनंदरावांनी आधी माशी उडवली आणि मग चष्मा काढून पुसत बसले, जरा जास्तच वेळ.

"शंभरपैकी किती?" मी अनिशला विचारलं.

"नऊ," तो म्हणाला, आणि वाकून नमस्कार करून पळाला. कार्टं!

मग गुरुवार उजाडला. जेवण झालं, ओटा आवरला आणि मी खिळ्यावरची किल्ली काढली. आनंदराव शर्ट बदलून आले. फाटकाशी येऊन म्हणाले, "कोपऱ्यापर्यंत मागे बसतो. नुसता कोपऱ्यापर्यंत."

"बसा," म्हटलं. "पण झोपाळ्यावर बसता तसे नाही. खरोखर हलू नका."

स्कूटर चालू केली. डावा पाय जमिनीवर होता. समोर बघितलं, गल्लीच्या टोकाला उसाच्या रसाची लारी, म्हणजे हातगाडी, उभी होती, तिच्यावर नजर लावली आणि मनात एक म्हटलं. दोनला पाय उचलला. उचलला गेला! लारीपर्यंत आले तेव्हा पाठीमागे श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. ब्रेक लावला.

"उतरू?" आनंदरावांनी विचारलं. आवाज अगदी बारीक आला त्यांचा.

"उतरा. अस्मिताला आणि मला बोलायचंय."

"माझ्याबद्दल?"

"वर्षभराचं साठलंय, अहो."

ते उतरले. मागे हलकं झालं, स्कूटर जराशी डगमगली, मी हँडल सरळ केलं नि निघाले. मागे वळून बघायचं नाही, तोल जातो, हे आता मला ठाऊक होतं. पण आरशात बघायला काय हरकत आहे? मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी बघितलं. उन्हात, रसाच्या लारीशेजारी, आनंदराव उभे होते. दोन्ही पाय टेकवून, हात अंगाला लावून. बाजूने रिक्षा गेली, कुत्रं गेलं, रसवाल्याने काहीतरी विचारलं. आणि आरशात दिसेनासा होईपर्यंत हा माणूस जागचा हलला नाही.